शोषखड्ड्याची जागा घराच्या नकाशाआधी ठरवा

आमच्या मळ्यातल्या घराची वास्तुशांत वैशाखात झाली. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात संडासात टाकलेलं बादलीभर पाणी खाली जाईना. मागच्या कोपऱ्यात शोषखड्ड्यावर फरशी टाकलेली होती. तिच्या कडेनं काळपट पाणी वर येत होतं आणि कढीपत्त्याच्या आळ्यात साचत होतं. तिथून विहीर मोजून पंचेचाळीस फुटांवर. आईनं त्या दिवसापासून पिण्याचं पाणी उकळायला सुरुवात केली. चार दिवसांनी ग्रामपंचायतीकडून तपासणीची छोटी बाटली आणली, तिच्यात विहिरीचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळंभोर झालं होतं. पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता आहे, असा त्याचा अर्थ.

खड्डा मे महिन्यात खणला होता. ठेकेदारानं दोन बादल्या पाणी ओतून दाखवलं आणि म्हणाला, "बघा, कसं पितंय!" खरंच दहा मिनिटांत पाणी गडप झालं. आम्ही खूश. पण ते मातीत मुरलंच नव्हतं, भेगांत उतरलं होतं. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला काळ्या मातीच्या भेगा वेगळ्या सांगायला नकोत, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात आत जातो. तीच माती दोन चांगले पाऊस झाले की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिथल्या तिथे धरून बसते. मे महिन्यात पिणारी जमीन ऑगस्टमध्ये तोंड मिटते, आणि संडास तर बाराही महिने चालू असतो.

ती चूक निस्तरताना हा विषय मी मुळातून समजून घेतला. ज्यांच्या दारात भुयारी गटार आहे त्यांनी सरळ जोडणी घ्यावी. पण गिरणारे, मखमलाबाद, म्हसरूळच्या पलीकडे, दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबक रस्ता अशा भागांत प्लॉट घेऊन किंवा मळ्यात घर बांधणाऱ्या अनेकांना सांडपाण्याची सोय स्वतःच करावी लागते. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

टाकीचं काम आणि मातीचं काम

सेप्टिक टँकला आपल्याकडे सर्रास 'सेफ्टी टँक' म्हणतात. त्या नावामुळे मोठा गैरसमज होतो. टाकीत गेलं म्हणजे घाण संपली, असं वाटतं. प्रत्यक्षात टाकीचं काम मर्यादित आहे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट मळी वर तरंगते, मधलं पाणी पुढच्या पाईपनं बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असलं तरी त्यात जुलाब, कावीळ, विषमज्वराचे जंतू असू शकतात. ते पाणी निर्धोक होतं ते मातीत.

हे कसं होतं ते शेतकऱ्याला एका शब्दात कळेल: वाफसा. पाऊस झाल्यावर आपण वाफसा येण्याची वाट बघतो, म्हणजे मातीच्या कणांभोवती ओल हवी आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवाही हवी. पिकाच्या मुळांना ते लागतं, तसंच सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मातीतल्या जिवाणूंनाही लागतं. टाकीतलं पाणी वाफशावरच्या मातीतून सावकाश झिरपलं तर रोगजंतू कणांना चिकटून मरतात, गाळले जातात, घाणीचं विघटन होतं. माती पाण्यानं तुडुंब भरलेली असेल तर हवा नाही, म्हणजे हे कामही नाही. मग खड्ड्याच्या भिंतीवर काळा बुळबुळीत थर वाढत जातो आणि उरलंसुरलं झिरपणंही बंद होतं.

म्हणून जागा निवडताना दोन प्रश्न एकदम विचारावे लागतात. पाणी मुरतंय का? आणि मुरताना ते पुरेशा कोरड्या, हवेशीर मातीतून जातंय का? आपण पहिल्यावरच थांबतो. मुरमात, खडकाच्या फटीत पाणी झरझर जातं, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर झकास येतं आणि दुसऱ्याचं भयंकर.

जमिनीखाली काय आहे

नाशिक जिल्हा लाव्हारसाच्या थरांवर बसलेला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मऊ मांजऱ्या खडक, कुठे कठीण काळा पाषाण. निफाडकडे नदीकाठी काळी माती खोल आहे. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला आणि सिन्नरच्या माळावर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांतच पहार खडकावर आदळते. विहीर खणताना झरे लागतात ते याच मुरमातून, मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या फटींतून. शोषखड्डा त्याच थरात नेऊन सोडला, तर आपण विहिरीच्या झऱ्याला वरच्या टोकानं मैल्याचं पाणी जोडतोय. भारतीय मानक २४७० मध्ये सेप्टिक टँकच्या पाण्याबद्दल हेच बजावलं आहे: फटी असलेल्या खडकात शोषखड्डा किंवा शोषचर (पाणी मुरवायची लांब, उथळ चर) करू नये, कारण फटींतून दूषित पाणी लांबवर जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. मानकाच्या हिशेबात भूजल जमिनीपासून १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांपेक्षा खाली असेल, तरच नेहमीचा खड्डा किंवा चर चालते. ही पातळी मे महिन्यातली धरून चालत नाही. जवळपासच्या विहिरीत भाद्रपदात डोकावा. ज्यांची विहीर पावसाळ्यात हातानं कळशी बुडवता येईल इतकी भरते, त्यांच्या जमिनीत सहा फूट कोरडी माती त्या दिवसांत नाहीच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजते. आपल्या भागातली अशी विहीर कुठे आहे हे विचारून घ्या.

जमीन स्वतःही सांगते. लव्हाळा हटता हटत नाही, पाणकणीस उगवतं, ती जागा पाणथळ. कालव्याच्या खालच्या अंगाला पाणी साचून चिबड झालेली जमीन तर बघताक्षणी सोडून द्यावी. मुरमाड किंवा तांबूस मातीत फावड्यानं कापलेली बाजू पाहा. एकसारखा तांबूस रंग असेल तर हवा खेळते. करड्या मातीत गंजासारखे ठिपके दिसले तर वर्षातले काही आठवडे तिथे पाणी भरून राहतं. काळ्या मातीत मात्र रंगावरून काही ठरवायला जाऊ नका, तिथे चाचणीच करावी लागते.

एक खड्डा, एक रात्र, चार तास

माती किती वेगानं पाणी मुरवते हे बघायची ही चाचणी घरची माणसं करू शकतात. आम्ही दुसऱ्या वर्षी भाद्रपदात केली, मी आणि मामा.

शोषचर जितकी खोल घ्यायची तितका खोल, म्हणजे साधारण अडीच ते तीन फूट, आणि फूटभर रुंद खड्डा घ्यायचा. काळ्या मातीत फावड्याचं पातं फिरलं की भिंत लोण्यासारखी चकचकीत होते, तिची छिद्रं लिंपली जातात. मामानं मोठ्या खिळ्यानं चारही बाजू ओरबाडून काढल्या, सुटी माती उपसली. तळाशी दोन इंच बारीक खडी टाकली. मग खडीवर फूटभर पाणी येईल इतकं भरलं आणि रात्रभर मुरू दिलं. ही रात्र टाळली तर चाचणी वाया गेली. कोरडी माती आधी स्वतः पाणी पिते, फुगते, आणि त्यानंतरच तिचा खरा वेग कळतो.

सकाळी खडीवर सहा इंच पाणी ठेवलं. खड्ड्यावर आडवी काठी टाकली, तिथून पट्टीनं पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. दर अर्ध्या तासानं किती उतरलं ते लिहायचं आणि पुन्हा सहा इंचांपर्यंत भरायचं, असं चार तास. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. त्यावरून २५ मिलीमीटर, म्हणजे इंचभर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं.

घराजवळच्या काळ्या मातीत शेवटच्या अर्ध्या तासात फक्त ८ मिलीमीटर उतरलं. हिशेब केला तर इंचाला ९४ मिनिटं. उताराच्या अंगाला, बांधापलीकडे, मातीत मुरूम मिसळलेला आहे. तिथे तेवढ्याच वेळात ३२ मिलीमीटर उतरलं, म्हणजे २३ मिनिटं. मामा पट्टीकडे बघत म्हणाला, "अगं, दोनशे फुटांत एवढा फरक? मग मागचा खड्डा इथं का नाही काढला?" कारण सोपं होतं. इथं कुणी बघितलंच नव्हतं.

मानक सांगतं ते असं. इंचाला ३० मिनिटांपर्यंत लागत असतील तर शोषखड्डा किंवा शोषचर, दोन्ही चालतील. ३० ते ६० मिनिटं लागली तर चरच घ्यायची. ६० च्या वर गेलं तर जमिनीवर भरवसा ठेवू नये, गाळणीची वेगळी व्यवस्था करावी. उलट बाजूही लक्षात ठेवा: मिनिटाभरात इंच उतरत असेल तर आनंद मानू नका, ते पाणी गाळलं न जाताच खाली चाललंय.

किती जागा लागेल

बहुतेक घरांचं गणित इथे चुकतं. मानकातलं सूत्र असं आहे: २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळानं भागा. येणारा आकडा म्हणजे एक चौरस मीटर माती दिवसाला किती लिटर पाणी पेलेल ते. आमच्या २३ मिनिटांच्या जागेला उत्तर आलं सुमारे ४२ लिटर.

घरात सहा माणसं. ग्रामीण नळपाणी योजना माणशी ५५ लिटर धरते, पण मळ्यात मोटार चालू केली की कोण मोजतंय? शहरासाठीचा माणशी १३५ लिटरचा हिशेब आम्ही धरला. दिवसाचे झाले ८१० लिटर. म्हणजे सुमारे १९ चौरस मीटर मातीचा पृष्ठभाग हवा.

आता नेहमीचा गोल शोषखड्डा घ्या. चार फूट व्यासाचा, पाईपाच्या तोंडाखाली पाच फूट खोल. त्याच्या भिंतीचं क्षेत्रफळ होतं पावणेसहा चौरस मीटरच्या आसपास. चांगल्या मातीतसुद्धा तो दिवसाला २५० लिटरच्या पुढे जात नाही, गरजेच्या तिसरा हिस्साही नाही. आमचा पहिला खड्डा असाच होता, आणि तोही ९४ मिनिटांच्या मातीत. तो भरणारच होता.

चर बरी पडते ती यासाठी. ती उथळ असते, २० इंच ते सव्वातीन फूट, त्यामुळे वरच्या जिवंत, हवेशीर थरातच राहते. खड्डा मात्र खडकाकडे आणि भूजलाकडे जातो. चरीत खडी, खडीत उघड्या सांध्यांचा किंवा भोकं पाडलेला पाईप, वर पुन्हा खडी आणि माती. तळाचं क्षेत्रफळ धरून अडीच फूट रुंद चरीचे आम्हाला एकंदर २६ मीटर लागले. १३-१३ मीटरच्या दोन चरी काढल्या, मध्ये सहा फूट अंतर ठेवून. एक चर ३० मीटरपेक्षा लांब नसावी.

चर उताराच्या दिशेनं काढायची नाही, उताराला आडवी. पाणलोटाच्या कामात डोंगरावर सलग समतल चर खणलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चित्र लगेच कळेल. तळ जवळजवळ सपाट हवा, नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला गोळा होतं आणि तिथूनच वर फुटतं. गवंड्याची पाण्याची नळी लावून दर दोन मीटरवर तळ तपासा. आणि हे काम माती ओली असताना करू नका. पायाखाली, जेसीबीखाली ओली माती दाबली गेली की तिची छिद्रं कायमची बसतात. चाचणी पावसाळ्यात आणि खोदकाम दिवाळीनंतर, हा क्रम आम्हाला मानवला.

साठ फूट, आणि शेजाऱ्याची बोअर

पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही विहिरीपासून, बोअरपासून शोषखड्डा किंवा चर किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवी. राहत्या घरापासून ६ मीटर. विहीर वरच्या अंगाला आणि चर खालच्या अंगाला असली तर बरंच. पण आपल्याकडे खडकातल्या फटी वरचा उतार पाळतातच असं नाही. म्हणून साठ फूट ही कमीत कमी मर्यादा समजा आणि जागा असेल तर दुप्पट अंतर सोडा.

या साठ फुटांचा अर्थ प्लॉटवर काय होतो ते बघा. १८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते दहा गुंठे व्यापतं. दोन गुंठ्यांचा प्लॉट ३३ बाय ६६ फुटांचा. कोपऱ्यापासून तिरका कोपरा ७४ फूट. स्वतःची बोअर एका कोपऱ्यात आणि चर समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, एवढं कसंबसं जमेल. पण त्या कोपऱ्याला लागून शेजाऱ्याची बोअर असेल तर? आपली विहीर वाचवायची म्हणून त्याच्या लेकरांच्या पाण्यात घाण सोडणं कुणालाच मान्य होणार नाही, आणि तरी वसाहतीच्या वसाहती तशाच उभ्या राहतायत, कारण प्रत्येकजण फक्त आपल्या कुंपणाच्या आतलं बघतो. प्लॉट घेण्याआधी चारही बाजूंना साठ फुटांत कुणाची बोअर आहे हे विचारा. लहान प्लॉटच्या वसाहतीत सगळ्यांनी मिळून खालच्या अंगाला एकच सामायिक व्यवस्था करणं जास्त शहाणपणाचं आहे.

वास्तुशास्त्राचं इथे बोलायलाच हवं, कारण जागा बहुतेक वेळा तेच ठरवतं. बोअर ईशान्येला, टाकी वायव्येला. प्लॉटची ३३ फुटांची बाजू उत्तरेला असेल तर या दोन कोपऱ्यांत अंतर किती? ३३ फूट, साठच्या जवळपास निम्मं. श्रद्धा पाळायची असेल तर मार्ग आहे. टाकी पक्की, गळती नसलेली असते. ती वायव्येला बांधा आणि तिच्यातून निघणारं पाणी बंद पाईपनं जिथे माती आणि अंतर दोन्ही मिळतं तिथल्या चरीपर्यंत न्या. टाकी आणि चर शेजारी-शेजारीच असाव्यात, असा कुठलाही नियम नाही.

आता ज्यावर मला मनापासून हात जोडून सांगायचंय ते. कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये किंवा पडक्या विहिरीत सेप्टिक टँकचा पाईप सोडू नका. 'काही झंझट नाही, कधी भरत नाही' म्हणून हे केलं जातं. भरत नाही, कारण ते सरळ सगळ्या गावाच्या पाण्यात जातं, मध्ये एक इंचही माती लागत नाही. त्यातलं नायट्रेट उकळून जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही, आणि त्याचा सर्वांत जास्त धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो.

छपराचं पाणी, ओढ्याची वाट, गाडी लावायची जागा, वड-पिंपळ-उंबराची मुळं, या सगळ्यांपासून चर लांब. वर नुसतं गवत राहू द्या. परसात मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची आपली रीत चांगली आहे, पण ती अंघोळीच्या पाण्यापुरती. संडासाच्या चरीवर मुळा, गाजर, कोथिंबीर लावू नका.

माती नापास झाली तर

नुसती काळी माती, वर आलेलं पाणी किंवा दोन फुटांवर खडक, असं बऱ्याच जणांच्या नशिबी येतं. भूजल वर असेल पण माती बरी असेल तर चर जमिनीच्या वर, मातीचा भराव करून त्यात घेता येते. माती पाणी घेतच नसेल तर टाकीपुढे खालून वर जाणारी खडीची गाळणी बांधतात, किंवा तळ पक्का केलेल्या खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून पाणी फिरवतात. आमच्या ओळखीच्या एका मळ्यात असा कर्दळीचा वाफा आहे. लाल-पिवळी फुलं डवरलेली असतात आणि वास येत नाही. गाळलेलं पाणी ते बांधावरच्या झाडांना देतात, पिकाला नाही. हे काम जाणकार अभियंत्याकडून आखून घ्या, इथे अंदाजपंचे चालत नाही.

टाकीच्या जागेबद्दल थोडंच सांगायचंय, पण ते महत्त्वाचं आहे. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. नाही उपसला तर तो चरीत जातो आणि सगळं काम बुजतं. म्हणजे गाळ ओढणारी गाडी टाकीपर्यंत, निदान तिचा पाईप झाकणापर्यंत पोहोचायला हवा. टाकी घराच्या मागे, गाडी जाणार नाही अशा बोळात कोंबली की मग कुणीतरी माणूस आत उतरवण्याची भाषा सुरू होते. टाकीतल्या वायूनं माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. २०१३ च्या कायद्यानं माणसाकडून अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी कुणाच्या घरचा कर्ता आपल्या टाकीत मरू नये, एवढं आपण जागा ठरवतानाच बघू शकतो.

नव्या चरी झाल्यानंतर जुना खड्डा उपसून, चुना टाकून, मुरमानं बुजवला. विहीर उपसून क्लोरीन टाकलं, आणि पुढच्या पावसाळ्यात दोनदा बाटली लावून पाहिली, पाणी स्वच्छ राहिलं. मामानं एका कागदावर टाकीचं झाकण आणि चरींची चारही टोकं घराच्या दोन कोपऱ्यांपासून फुटांत मोजून लिहून ठेवलीत. गवत वाढलं की झाकण कुठे होतं ते कुणालाच आठवत नाही. तो कागद आता सातबाऱ्याच्या फाइलीत आहे, आणि गाडी आली की वहिनी आधी तोच काढते.